आजार मुलाचा, चर्चा गावाची

वाचकांचे प्रश्न : बालआरोग्य

या वेळच्या टपालातून चार पत्रे निवडली आहेत. चौघांचे प्रश्न वेगळे असले, तरी मुलाच्या आजारात घराबाहेरच्यांनी किती शिरावे, हा पेच चारही पत्रांत आहे. कोकणात आडनाव आणि वाडी कळली की घर ओळखता येते, म्हणून पत्रलेखकांची नावे, गावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते. मुंबईच्या डॉक्टरांनी अस्थिमज्जा (हाडातला रक्त तयार करणारा मऊ भाग) प्रत्यारोपण सुचवले असून त्याच्या पाच वर्षांच्या बहिणीची मज्जा जुळली आहे. खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा असल्याने गावच्या मुंबईतील मंडळाने वर्गणी काढायचे ठरवले आहे. त्यासाठी अध्यक्षांनी मुलाचे नाव, रिपोर्ट, रक्त चढत असतानाचा फोटो आणि ‘भावाला जीवदान देणारी चिमुकली’ म्हणून मुलीचाही फोटो मागितला आहे. फोटोशिवाय कोणी पैसे देत नाही आणि देणाऱ्याला सगळे कळलेच पाहिजे, असे ते म्हणतात. माझ्या नणंदेसाठी स्थळे पाहणे चालू असल्यामुळे सासूबाई धास्तावल्या आहेत. मदत करणाऱ्यांना नकार कसा द्यावा? (एक आई, गुहागर तालुका)

उत्तर : अध्यक्षांचे म्हणणे अर्धे खरे आहे. वर्गणी देणाऱ्याला हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. रुग्ण खरा आहे का, रुग्णालयाने किती खर्च सांगितला आणि पैसे कुठे गेले, हे त्याला कळलेच पाहिजे. मात्र मुलाचा चेहरा आणि आजाराचे नाव यांवर तो अधिकार पोहोचत नाही. शंभर रुपये देणाऱ्याला आणि दहा हजार देणाऱ्यालाही हे सारखेच लागू आहे.

थॅलेसेमियाच्या बाबतीत तर आजाराचे नाव जाहीर करणे म्हणजे एकट्या मुलाची माहिती देणे नव्हे. मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, याचाच अर्थ आई आणि वडील दोघेही त्याचे वाहक आहेत, म्हणजे स्वतः निरोगी असून तो दोष मुलांना देऊ शकतात, आणि मग आत्या, काका, मामा, मावशी यांपैकीही कोणी वाहक असण्याची शक्यता आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट फिरला की त्यांच्यापैकी कोणालाही न विचारता त्यांच्या रक्ताची चर्चा सुरू होते. सासूबाईंची धास्ती त्यामुळे अनाठायी नाही. अनाठायी आहे ती स्थळ मोडण्याची रीत. वाहक व्यक्ती निरोगी असते, तिला उपचार लागत नाहीत आणि तिच्या लग्नालाही कोणतीच आडकाठी नसते. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर आजार होण्याची शक्यता चारात एक असते आणि तेव्हाही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भाची तपासणी करता येते. आपण वाहक आहोत का, हे कळण्यासाठी नणंदेने रक्तातील हिमोग्लोबिन ‘ए-टू’चे प्रमाण पाहणारी तपासणी करून घ्यावी आणि जे निघेल ते लग्न ठरण्यापूर्वी मुलाकडच्यांना स्वतः सांगावे, असे माझे मत आहे. पण ते सांगायचे तिने. मंडळाच्या ग्रुपवरून ते तिच्या सासरी पोहोचता कामा नये.

आता मंडळाला काय सांगावे. पैसे गोळा करण्यापूर्वी मंडळाने दोन विश्वासू माणसे नेमावीत. त्यांनी रुग्णालयाचे खर्चाचे पत्र प्रत्यक्ष पाहावे, गरज वाटल्यास डॉक्टरांना तुमच्यासमोर भेटावे आणि ‘आम्ही कागदपत्रे तपासली आहेत’ असे स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. आवाहनात ‘आपल्या गावातील आठ वर्षांच्या मुलावरील मोठ्या उपचारासाठी’ एवढाच मजकूर पुरेसा आहे. रक्कम शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा व्हावी आणि हिशेब मंडळाच्या वार्षिक सभेत वाचला जावा. पैसे उरले तर ते मुलाच्या पुढच्या औषधांसाठी राहणार की मंडळाच्या निधीत जाणार, हे आधीच लिहून ठेवावे. अशा वर्गण्यांतली बहुतेक भांडणे उरलेल्या पैशांवरून होतात. फोटोशिवाय वर्गणी कदाचित सावकाश जमेल, हे मान्य करावे लागेल. पण गावातल्या माणसांनी ओळखीच्या दोघांच्या सहीवर विश्वास ठेवायचा नाही, तर मंडळ हवे तरी कशाला?

याशिवाय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटून सरकारी मदतीची चौकशी जरूर करावी. कोल इंडियाच्या सामाजिक निधीतून 2017 पासून चालणाऱ्या ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’तून ठरावीक रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी 10 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्याला वयाच्या आणि उत्पन्नाच्या अटी आहेत, म्हणून मुलगा मोठा होण्याची वाट पाहू नये. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. ही दारे ठोठावल्यावर जी रक्कम कमी पडेल, तेवढ्याच वर्गणीची गरज उरते.

मुलाला कोणी विचारले आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. आठ वर्षांच्या मुलाला आपला फोटो कोण पाहणार आहे, हे नीट कळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनात सहभागी करून घेताना सात वर्षांवरील मुलाचीही तोंडी संमती घ्यावी लागते. तो नियम संशोधनापुरता असला, तरी मोजमाप म्हणून घरातही वापरण्यासारखा आहे. प्रत्यारोपण यशस्वी झाले, तर हा मुलगा उद्या कॉलेजात जाईल, नोकरी मागेल, आणि सुईनळ्या लावलेला त्याचा फोटो तोवर कोणाकोणाच्या फोनमध्ये राहील, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

धाकटीबद्दल मला अधिक काळजी वाटते. या साऱ्या व्यवहारात तीही एक रुग्णच आहे, कारण तिला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढली जाणार आहे. धोका कमी असतो, काही दिवस दुखते आणि काढलेली मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. तरीही तिच्या स्वतःच्या शरीराला या शस्त्रक्रियेचा कोणताच लाभ नाही. म्हणून तिच्यासाठी वेगळा डॉक्टर असावा, जो भावाच्या उपचारात गुंतलेला नाही आणि केवळ तिच्या बाजूने विचार करील. काय करणार आहेत, कुठे दुखेल, आई जवळ असेल की नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगावे. ‘जीवदान देणारी’ म्हणून तिला गावभर मिरवले आणि दुर्दैवाने प्रत्यारोपण फसले, तर त्या अपयशाचा भार पाच वर्षांच्या मुलीवर पडेल. तिचा फोटो कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

प्रश्न : मुलगा आणि सून मुंबईला असतात, दहा वर्षांचा नातू आमच्याजवळ असतो. गेल्या पावसाळ्यात त्याचे पोट दुखू लागले, तेव्हा डॉक्टरांनी अपेंडिक्सचे ऑपरेशन सांगितले. पण आई-वडिलांच्या सहीशिवाय करता येणार नाही, म्हणाले. रात्रभर फोनाफोनी झाली. आजोबांच्या सहीला काहीच किंमत नाही का? (एक आजोबा, राजापूर तालुका)

उत्तर : आपल्या सहीला किंमत आहे. भारतीय न्याय संहिता या फौजदारी कायद्याच्या कलम 27 नुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला पालकाची, किंवा ज्याच्याकडे मुलाचा कायदेशीर ताबा आहे अशा व्यक्तीची संमती चालते. नातू आपल्याकडे राहतो, हे सिद्ध करणारा कागद मात्र बहुतेक आजी-आजोबांकडे नसतो. डॉक्टर अडतात ते त्यामुळे, आणि उद्या मुलाचे वडील येऊन तक्रार करतील या भीतीमुळे. जीव धोक्यात असेल आणि संमती देणारे वेळेत भेटणे शक्य नसेल, तर कलम 30 डॉक्टरांना संमतीविना उपचार करण्याची मुभा देते. लाल विंचवाच्या दंशात ही गोष्ट जीवनमरणाची असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध या दंशावर किती गुणकारी आहे हे दाखवून दिले आणि कोकणातली अनेक मुले त्यामुळे वाचली; पण ते औषध लवकर पोटात गेले पाहिजे, सहीसाठी थांबून चालत नाही. त्याआधी मांत्रिकाकडे वेळ घालवणे तर अक्षम्य आहे. विंचू, साप किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मुलगा-सून गणपतीला येतील तेव्हा एक काम उरकून घ्या. नातू आपल्याजवळ राहतो आणि त्याच्या उपचारांचे निर्णय आजी-आजोबा घेऊ शकतात, असे दोघांच्या सहीचे अधिकारपत्र करून ठेवा. त्यासोबत लसीकरणाचे कार्ड आणि कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे त्याची नोंद ठेवा. इतके असूनही तातडी नसलेल्या ऑपरेशनसाठी रुग्णालय आई-वडिलांना फोनवर बोलावून साक्षीदारासमोर संमती नोंदवू पाहील, तर राग मानू नका. ती सावधगिरी नातवाच्याच हिताची आहे.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. सोळा वर्षांची एक मुलगी दिवस गेल्याचे सांगत माझ्याकडे आली आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणून रडली. मुलगा शेजारच्या वाडीतला आहे. गावकी बसवून दोघांचे लग्न लावून द्यावे, असे तिच्या चुलत्यांचे मत आहे. मी गप्प राहू का? (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : गप्प राहता येणार नाही, आणि गावकीकडेही जाऊ नये. 2012 च्या पोक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही. कलम 19 नुसार ज्याला ही गोष्ट कळली, त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लग्न लावून देणे हा 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली आणखी एक गुन्हा होईल आणि त्यात लग्न जमवणारे चुलतेही अडकतील.

तरीही कायदा पाळणे आणि मुलीला उघडे पाडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला आधी खरे सांगा. ‘हे मला कळवावे लागेल, पण वाडीत कोणाला कळणार नाही याची काळजी मी घेईन’, एवढेच वचन द्या, कारण तेवढेच पाळता येते. घरात तिचा विश्वास असलेली आई, मावशी किंवा आजी कोण, ते विचारा आणि तिला बरोबर घेऊन सरकारी रुग्णालयात जा. पोलिसांचे पत्र नाही म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. तपासणी महिला डॉक्टरनेच, मुलीच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर करायची असते. गर्भपात हवा असेल तर पालकाची लेखी संमती लागते. अल्पवयीन मुलीसाठी 24 आठवड्यांपर्यंतची मुदत आहे, पण एकेक आठवडा मोलाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे की, मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट तालुक्याच्या ठिकाणीही सर्वांना ठाऊक असतेच असे नाही, म्हणून तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारा. मार्ग सुचेनासा झाला तर 1098 या चाइल्डलाइन क्रमांकावर कधीही फोन करता येतो.

तुमच्या वहीत तिचे नाव लिहावे लागेल, ते लिहा. पण ती वही अंगणवाडीच्या टेबलावर उघडी ठेवू नका.

प्रश्न : माझे बाळ सात महिन्यांचे आहे. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या दिरांच्या मुलांना गोवराची लस दिलेली नाही, कारण त्यांचा लसीवर विश्वास नाही. येऊ नका, असे घरच्यांना सांगितले तर वाईट दिसेल का? (मालवण तालुका)

उत्तर : वाईट दिसेल, तरी सांगा. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, त्यामुळे तुमच्या बाळाचे संरक्षण तूर्त आसपासच्या माणसांवर अवलंबून आहे. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल संसर्ग पसरवते, म्हणजे आरतीला उभे असताना ते ठणठणीतही दिसेल. मात्र दिरांच्या मुलांवर राग काढू नये, कारण लस न घेण्याचा निर्णय त्यांनी घेतलेला नाही. त्यांना अजूनही लस देता येईल; परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून गणपतीच्या बऱ्याच आधी दिरांशी बोलणे यजमानांनी अंगावर घ्यावे. 2022 मध्ये मुंबईत गोवराची साथ पसरली, तेव्हा काही भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा देण्यात आली होती. तुमच्या भागात साथ जाहीर झाली, तर त्याबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. ती मात्रा नियमित लसीकरणाच्या हिशेबात धरली जात नाही. नऊ महिने पूर्ण झाल्यावरची लस बाळाला द्यावीच लागते.