नंबर जुळले म्हणून गाडी जुळली?

*जुन्या स्पोर्ट्स गाड्यांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देतात कॉव्हेंट्रीत राहणारे आमचे पेंटरकाका.*

प्रश्न : काका, डिसेंबर 1961 ची जॅग्वार ई-टाईप रोडस्टर बघून ठेवली आहे. मालकाकडे हेरिटेज ट्रस्टचं (जॅग्वारच्या जुन्या नोंदी सांभाळणारी संस्था) सर्टिफिकेट आहे. चासी, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी असे चारही नंबर जुळतात, म्हणून गाडी ‘शंभर टक्के फॅक्टरी ओरिजिनल’ आहे असं तो सांगतो. गाडी लाल आहे, सर्टिफिकेटवर निळा रंग लिहिलाय, पण ते किरकोळ आहे म्हणे. माझ्या मित्राचं म्हणणं वेगळंच. फ्लोअर सपाट आणि बोनेटचं कुलूप मात्र आतून, म्हणजे दोन गाड्यांची एक केलेली आहे. शिवाय पुढच्या फ्रेमवरचा चासी नंबर नव्या दिसणाऱ्या लोखंडावर ठोकलाय. विश्वास कोणावर ठेवू?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : दोघांवरही नको.

आधी मित्राचं बघू, ते लवकर निपटेल. ई-टाईप मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. पहिल्या साधारण पाचशे गाड्यांना बोनेटची कुलपं बाहेरून होती, वेगळ्या किल्लीने फिरवायची. त्याच वर्षी ती आत गेली. फ्लोअर मात्र 1962 उजाडेपर्यंत सपाटच होता. पायांना जागा मिळावी म्हणून खोलगट फ्लोअर नंतर आला. तेव्हा डिसेंबर 61 च्या गाडीत कुलूप आत आणि फ्लोअर सपाट हे अगदी बरोबर आहे. उलट त्या महिन्याच्या गाडीला बाहेरची कुलपं दिसली असती तर मी भुवया उंचावल्या असत्या. एका ठरावीक दिवशी गाडी सगळीच्या सगळी बदलली असं समजणारे लोक कधी कारखान्याच्या आत गेलेले नसतात. बदल एकेक करून येतात आणि आधीचा माल संपवावा लागतो.

आता मालक. सर्टिफिकेट खोटं नाही, पण त्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा. ब्राउन्स लेनच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा रजिस्टरात काय नोंदलं होतं तेवढंच ते सांगतं: कुठले नंबर, कुठला रंग, कधी बनली, कुठल्या डीलरकडे गेली. देणाऱ्यांनी गाडी जॅकवर चढवून तपासलेली नसते. त्यामुळे नंबर तुम्ही स्वतः वाचायचे. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूला असतो. तोच नंबर हेडवरही, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागावर, पुढच्या टोकाला ठोकलेला असतो. विकणारे ब्लॉकचा हौसेने दाखवतात आणि हेडचा विसरतात. टॉर्च आणि चिंधी घेऊन जा. नंबराच्या शेवटी 8 किंवा 9 असेल, तो कॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनात मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा आकडा. हेड दुसरं निघालं म्हणून गाडी भंगारात जात नाही. ‘शंभर टक्के’ तेवढं खोडायचं आणि किमतीवर बोलायचं.

फ्रेमवरच्या नंबराचं ऐकून मात्र घाबरू नका. ई-टाईपची मधली आणि मागची बॉडी एकसंध पत्र्याची आणि पुढे इंजिन धरणारी पाइपांची फ्रेम बोल्टने जोडलेली. चासी नंबर ठोकलेला असतो तो या सुट्या होणाऱ्या भागावर. साठ वर्षांत गंज किंवा टक्कर यामुळे असंख्य गाड्यांची फ्रेम बदलली गेली आहे. नवी फ्रेम कोरी येते, नंबर पुन्हा ठोकावाच लागतो. नीट काम करणारं गॅरेज फोटो ठेवतं, बिल ठेवतं, जुना नंबराचा तुकडा कापून मालकाच्या हाती देतं. तो तुकडा मागा. असला तर प्रश्न मिटला. नसला आणि मालक विषय बदलायला लागला, तर चहा पिऊन घरी या.

राहता राहिला रंग, म्हणजे माझा धंदा. निळ्याची लाल झाली हे किरकोळ कसं? गाडीचा दिसणारा सगळा भाग बदललाय! लाल गाडी लवकर खपते म्हणून किती निळ्या-करड्या गाड्या लाल झाल्या याला गणती नाही. दाराच्या चौकटीचं रबर बोटाने थोडं सोडवून बघा. घाईत रंगवलेल्या गाडीत रबराखाली लालची कड येऊन थांबते आणि तिच्या पलीकडे जुना निळा तसाच असतो, कधी मधे प्रायमरची करडी रेघ. डॅशबोर्डच्या मागे, खाली वाकून, तेच पाहा. मग बोनेटवर या. तिथे दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर क्रोमची बारीक पट्टी असते. पट्टी न काढता तिच्यावरून नुसता टेप मारून रंगवलं असेल, तर नख फिरवलं की पायरी लागते. पट्टी काढून रंगवलेल्या गाडीत रंग सलग तिच्याखाली जातो. अशी पायरी मला लागली तर मी बाकीच्या कामाचाही तसाच हिशेब धरतो, कारण ज्याने पट्टी काढली नाही त्याने आणखी काय काय काढलं नसेल?

माझं मत: हेड, फ्रेम आणि रंग यांचा हिशेब मालक कागदावर देत असेल तर गाडी घ्या. नुसते नंबर दाखवत असेल तर नको.

प्रश्न : 1973 ची पोर्शे 911, मागे ‘डकटेल’ स्पॉयलर, बाजूला कॅरेरा लिहिलेलं. 2.7 आरएस (911 ची रेसिंगसाठी काढलेली खास आवृत्ती) म्हणून विकायला आहे, कागद हरवलेत म्हणतात. खरी असेल का?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : शेपटी आणि अक्षरं बाजारात मिळतात. रेसिंगच्या नियमांसाठी पोर्शेला 500 गाड्या बनवणं भाग होतं, मागणी इतकी आली की 1,580 झाल्या. आज मात्र आरएससारख्या दिसणाऱ्या गाड्या त्याहून खूप जास्त आहेत, कारण साध्या 911 ला हे कपडे चढवणं अवघड नाही. पुढच्या डिकीतला चासी नंबर बघा. आरएसचा 911360 ने सुरू होतो, त्या वर्षीच्या 911 एस चा 911330 ने. इंजिनाचा टाइप 911/83 हवा. तुम्ही तर पोर्शेच्याच गावात राहता, हरवलेल्या कागदांचं निमित्त कशाला ऐकून घ्यायचं? नंबर घेऊन कंपनीलाच विचारा.

प्रश्न : माझी 1967 ची कॉर्व्हेट सेंट लुइस कारखान्याची. लाखो रुपयांइतके डॉलर घालून रंग आरशासारखा करून घेतला आणि एनसीआरएसच्या (जुन्या कॉर्व्हेट जपणाऱ्यांची अमेरिकन संस्था) परीक्षकांनी त्याचेच गुण कापले! चांगल्या कामाची ही शिक्षा?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमचं दुःख कळतं, पण परीक्षकांचं चुकलेलं नाही. ही संस्था 1974 पासून एकच गोष्ट बघते: त्या काळी कारखान्यातून गाडी सर्वसाधारणपणे कशी बाहेर पडायची. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, तीवर लॅकरचा रंग. कामगार लाइनवर उभा राहून रंगवायचा, मागे दुसरी गाडी खोळंबलेली असायची. रंगाला संत्र्याच्या सालीसारखी पोत यायची, दिसत नाही अशा कोपऱ्यात फवारा विरळ पडायचा. चासीवर तपासनीसांच्या खडूच्या खुणा राहायच्या. आता गंमत अशी की लोक त्या खुणासुद्धा फोटो बघून पुन्हा काढतात. मला हे अंमळ वेड्यासारखं वाटतं, पण त्यांच्या स्पर्धेचे नियम त्यांचे.

रंग पुन्हा खरवडून मुद्दाम वाईट करू नका, मी तर असलं काम हातात घेणार नाही. त्यापेक्षा ब्लॉककडे लक्ष द्या, खरी लबाडी तिथे चालते. नंबर ठोकलेला सपाट भाग कारखान्यात यंत्राने तासलेला असतो, त्यावर बारीक समांतर रेघा राहतात. जुना नंबर घासून नवा ठोकणाऱ्याने त्या रेघाही घासलेल्या असतात. काही उस्ताद त्या परत आणतात, म्हणून ओतकामाची तारीखही वाचा. C 15 7 म्हणजे 15 मार्च 1967. ब्लॉक ओतल्याची तारीख इंजिन जोडल्याच्या तारखेच्या नंतरची निघाली तर पुढे काही बघायची गरजच नाही. आणि 1967 पासून गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला कारखान्याचा कागद पेट्रोलच्या टाकीवर वरच्या बाजूला चिकटवलेला असायचा. टाकी कधी उतरवलीच तर तिथे हात घालण्याआधी फोटो काढा, कागद हाताला लागताच तुटतो.

प्रश्न : आजोबांची 1951 ची एमजी टीडी आहे, जुनं रजिस्ट्रेशन शाबूत. एजंट म्हणतो ‘व्हिंटेज’ मध्ये घालायची तर व्हीए नंबर (व्हिंटेज गाड्यांसाठीची वेगळी नंबर मालिका) घ्यावाच लागेल आणि रंगही फॅक्टरीचाच हवा. खरं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एजंट दोन्हीकडे चुकतोय. केंद्राचे नियम जुलै 2021 चे आहेत. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. रंगाचा उल्लेख त्यात नाही. व्हीए मालिका नव्याने नोंदवायच्या गाड्यांसाठी. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. एक लक्षात ठेवा, अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

तुमची अडचण इंजिनात असू शकते. टीडीचं मूळ इंजिन 1,250 सीसीचं, त्याचा नंबर अष्टकोनी पितळी पाटीवर असतो आणि ती पाटी नुसती रिव्हेटने बसवलेली. इंजिन उघडताना मेकॅनिक ती काढून डब्यात टाकतात आणि डबा हरवतो. पाटी जागेवर असेल तर आधी तिचा आणि चासी नंबराचा फोटो काढून ठेवा, आरसी बुकाशी ताडून बघा, मगच गाडी कोणा गॅरेजवाल्याच्या हवाली करा.