डेस्कटॉपचा एसएमपीएस परत परत का जळतो? मदरबोर्ड बदलावा का?

मदरबोर्ड बदलू नका. निदान दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर तरी नाही.

दोन वर्षांत तिसरा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) गेला, दुकानदार म्हणतो बोर्डातच शॉर्ट आहे, आणि बोर्ड बदलू की 450 ऐवजी 650 वॅटचा घेऊ असं तुम्ही विचारताय. दोन्ही नको. बोर्ड शॉर्ट असला तर बरा एसएमपीएस चालूच होत नाही. पंखा जरासा हलतो आणि थांबतो, कारण आत संरक्षण असतं. फटाका वाजवून, वास सोडून तो मरत नाही. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला कॉम्प्युटर टायपिंगच्या कामात दीडशे वॅटसुद्धा क्वचित खातो. 650 चा आणलात तर तोही जळेल, फक्त जास्त पैशांचा.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे: "इलेक्ट्रिशियनने बघितलं, घरातली लाइन एकदम ठीक आहे." कशाने बघितलं हो? टेस्टरने?

मी इंदूरला रामबागेत राहते. सासरचा जुना वाडा, आता तीन वाटण्या झालेला. खाली थोरले दीर, मागे चुलत सासरे, वर आम्ही. मी घरून डीटीपी करते: लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, युनिव्हर्सिटीच्या मुलांचे प्रबंध. ऐन लग्नसराईत माझा एसएमपीएस उडायचा आणि प्रूफ मशीनमध्ये अडकून बसायचं. कॉम्प्युटरवाल्याने आधी एसएमपीएस बदलला, मग परत बदलला, मग तुमच्या दुकानदारासारखाच मला बोर्ड विकायला निघाला.

आमच्या घरात विजेच्या बाबतीत शेवटचा शब्द नणंदेच्या यजमानांचा. भाऊजी पीथमपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते, आयुष्य मोठमोठ्या मोटरींत गेलं. वाड्याची वाटणी झाली तेव्हा वायरिंगही त्यांनीच वाटून दिलं. थ्री फेज कनेक्शन होतं, तिघांना एकेक फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) सगळ्यांचा एक. मी एसएमपीएसचं रडगाणं लावलं की ते खिशातला टेस्टर काढत, सॉकेटमध्ये खुपसत आणि म्हणत, "वहिनी, सप्लाय ओके आहे. तुमचं मशीनच नाजूक." टेस्टरचा दिवा लागतो म्हणजे फेज आहे, एवढंच कळतं. 180 आहे की 290, ते टेस्टरला कळत नाही.

खरं निदान केलं ते एका जुन्या टीव्ही मेकॅनिकने. मेलेले एसएमपीएस मी फेकले नव्हते, त्याने ते उघडले. दोघांतही वायर आत येते त्या बाजूचे जाडे कपॅसिटर (वीज साठवणारे डबे) फुगलेले, काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट, आणि बोर्डाला वीज जाते त्या बाजूचे कपॅसिटर धड. तो म्हणाला, "बाई, मार बाहेरून आलाय." फ्यूजची तार नुसती तुटली तर काच स्वच्छ राहते, काळी झाली म्हणजे मोठा करंट एकदम गेला. बोर्डाकडचे छोटे कपॅसिटर डोकं वर काढून बसले असते तर उष्णता, धूळ किंवा हलका माल हे कारण धरलं असतं. स्वस्त एसएमपीएसमध्ये आत येणारा झटका शोषणारा व्हॅरिस्टर बसवलेलाच नसतो, नुसती रिकामी जागा असते. तीही त्याने दाखवली. दुकानात हे कुणी उघडून बघत नाही, कारण बदलून देण्यात पैसे आहेत.

मग मी मल्टीमीटर आणला. एसीच्या 750 च्या रेंजवर ठेवून सॉकेट मोजायचं, फार शिकावं लागत नाही. दिवसा 230 च्या आसपास, भाऊजींचं म्हणणं खरं वाटावं असं. पण पहाटे खाली गीझर लागला की आमच्याकडे आकडा चढायचा. खालचे दिवे मंद आणि आमचा बल्ब लख्ख! हे लक्षण पाठ करून ठेवा. एका घरचा लोड वाढल्यावर दुसऱ्याचा दिवा जास्त पेटला, तर न्यूट्रल ढिला आहे. न्यूट्रल पक्का असेल तर प्रत्येक फेजवर 230 राहतात. तो सुटला की दोन फेजमधले 400 व्होल्ट दोन घरांच्या लोडमध्ये वाटले जातात, आणि ज्याचा लोड हलका त्याच्या वाट्याला जास्त येतात. वर आमचा एक पंखा, एक ट्यूब आणि कॉम्प्युटर. सगळा मार आमच्यावरच.

आता एसएमपीएसच्या आतला हिशोब. 230 एसीचे आत डीसी होऊन सुमारे 325 होतात. साध्या स्वस्त एसएमपीएसमध्ये 200-200 व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापुढे एक असतात, म्हणजे हद्द 400 ची. बाहेर 285 झाले की आत 400 ओलांडले. शिवाय कॉम्प्युटर बंद केला तरी मागचा स्विच चालू असेल तर हे कपॅसिटर भरलेलेच असतात, आणि 5 व्होल्टची स्टँडबाय लाइन रात्रभर जागी असते. म्हणून रात्री धड ठेवलेलं मशीन सकाळी मेलेलं सापडतं. तुम्हीही "सकाळी बघितलं तर बंद" असंच लिहिलंय.

भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "न्यूट्रलमध्ये करंटच नसतो, त्याला काय होणार?" कारखान्यातल्या मोटरीला हे लागू आहे, तिचे तिन्ही फेज सारखे ओढतात. वाड्यात एकाकडे गीझर, दुसऱ्याकडे पाण्याची मोटर आणि तिसरीकडे मी, इथे कसलं आलंय सारखं! पण वहिनीने हे सांगायचं म्हणजे झालंच.

त्या दिवाळीला नणंदेकडची मंडळी आमच्याकडेच होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी खालचे गीझर लागले आणि आमच्या खोलीतला बल्ब पांढराफटक झाला. मी मल्टीमीटर लावून भाऊजींपुढे धरला: 291. ते उटणं लावलेल्या अवस्थेत म्हणाले, "मीटर चायनाचा आहे." थोरले दीर मात्र उठले, मेन स्विच पाडला, विजेचा मेन बोर्ड उघडला. न्यूट्रलवर चिनी मातीचा किटकॅट फ्यूज बसवलेला, त्याची पकड काळी पडलेली. त्याच्या खाली अॅल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर नुसती पिळून टेप मारलेला, आणि टेपखाली बुरशीसारखा पांढरा-हिरवा थर. तांबं आणि अॅल्युमिनियम असं पिळून जोडलं की सांधा काही काळाने खराब होणारच. आणि न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवायचाच नसतो. ही दोन्ही कामं कुणाची होती हे वाड्यात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी बोललं नाही. (नणंदबाई हे वाचतील. वाचू देत.)

मिस्त्रीने किटकॅट काढून न्यूट्रल सरळ जोडला, दोन धातू जोडण्यासाठीचा लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) घातला, आणि आमच्या लाइनवर व्होल्टेज वर-खाली गेलं की सप्लाय कापणारा प्रोटेक्टर बसवला. एसएमपीएस साधाच घेतला. तेव्हापासून तोच चालतोय.

याच भाऊजींचा अजून एक प्रताप सांगते, कारण तुमच्या इलेक्ट्रिशियननेही तो केला असू शकतो. माझ्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट येऊन बसतात, म्हणून त्या येतात. त्यावर त्यांनी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थच्या पिना एका तुकड्याने जोडून दिल्या. मुंग्या थांबल्या. पण असं असताना न्यूट्रल तुटला तर फेज कॉम्प्युटरमधून फिरून थेट पत्र्यावर येते. सॉकेट उघडून असा तुकडा दिसला तर आधी काढायला लावा, एसएमपीएस नंतर. खरा अर्थ हवा, खड्ड्यातला. आमच्या माळव्याची काळी माती वैशाखात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी घालावं लागतं. अर्थिंगने व्होल्टेज कमी होत नाही, हेही लक्षात ठेवा. ते तुमच्या जिवासाठी आहे.

"स्पाइक गार्ड लावा" असं कुणीतरी इथे सांगेलच. तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो. अर्धा तास 290 आले तर आधी तो जळतो, मग एसएमपीएस.

एसएमपीएस घेताना डब्यावरचा वॅटचा आकडा बघू नका, लेबलावर 12 व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. 14 असतील तर 12 गुणिले 14 म्हणजे 168 वॅट, मग डब्यावर 450 का छापलेले असेनात.

आता राहिलेलं. तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड असेल तर वॅटबद्दलचं माझं बोलणं सोडून द्या. फ्लॅटमध्ये सिंगल फेज असेल तरी न्यूट्रल खांबावर किंवा इमारतीच्या मीटरपेटीत सुटू शकतो, शेजाऱ्यांकडेही बल्ब जातायत का विचारा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात. मेन बोर्डही परवानाधारक माणसाकडूनच उघडवा. आणि दोष बाहेरचा निघाला तर वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर तक्रार करताना "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे" म्हणू नका, त्यावर कुणी लवकर येत नाही. "न्यूट्रल सुटलाय, दिवे जास्त पेटतायत" असं सांगा आणि लाइनमन आला की गीझर लावून त्याच्यासमोर मोजायला लावा.