मेटा डिस्क्रिप्शन भरलं आणि कमेंट वाढल्या की ब्लॉग गुगलवर वर येतो का?

निपाणीत बसून तुम्ही ब्लॉगरवर मराठी पदार्थांचा ब्लॉग चालवता. प्रत्येक पोस्टला मेटा डिस्क्रिप्शन (पानाच्या कोडमध्ये जाणारा पोस्टचा छोटा सारांश) भरा, ओळखीच्यांना सांगून कमेंट वाढवा, की गुगलच्या पहिल्या पानावर याल, असं कुणीतरी सांगितलं. ते खरं का, हा तुमचा प्रश्न. डिस्क्रिप्शनचं जवळजवळ खोटं. कमेंटचं मात्र त्यांत काय लिहिलंय यावर ठरतं. मी बेळगावात राहतो आणि खानापूर तालुक्यातल्या देवळांवर, गडांवर लिहितो. म्हणजे वाचक तुमच्यासारखेच: थोडे, विखुरलेले, अर्धे पुण्या-मुंबईत नोकरीला.

कीवर्ड्सचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) आणि डिस्क्रिप्शन, दोन्ही क्रम ठरवताना आपण पाहत नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. डिस्क्रिप्शन कामाला येतं ते शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळींसाठी. खडेबाजारातल्या दुकानाची पाटीच ती. चांगली असली तर गिऱ्हाईक पायरी चढतं, पण तिच्यामुळे बोळातलं दुकान काही चौकात येत नाही. शिवाय शोधणाऱ्याच्या शब्दांशी जास्त जुळणारं वाक्य पोस्टमध्ये मिळालं, तर गुगल तुमचं डिस्क्रिप्शन बाजूला ठेवून तेच वाक्य दाखवतं.

मग क्लिक वाढले तर क्रम सुधारेल ना? इथे थोडी गुंतागुंत आहे. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ साली गुगलचे पांडू नायक यांनी साक्ष दिली, त्यात नॅवबूस्ट नावाची यंत्रणा लोकांच्या क्लिकची माहिती वापरते हे उघड झालं. म्हणजे आडवाटेने काहीतरी पोचत असेल. पण म्हणून मित्रांना रोज शोधून क्लिक करायला लावू नका. त्या मित्रांना त्याऐवजी कुंदा खायला घाला.

डिस्क्रिप्शन लिहायचंच तर असं नको: ‘कुंदा ही बेळगावची प्रसिद्ध मिठाई आहे, चला तर मग पाहूया.’ आपल्याकडच्या माणसाला हे ठाऊकच आहे, आणि बाहेरच्याचं त्याने पोट भरत नाही. ‘घरच्या कढईत बेळगावी कुंदा: दही कधी घालायचं, रंग येईपर्यंत किती आटवायचा, बुडाला लागला तर काय करायचं’ असं लिहिलंत तर कढईसमोर उभा असलेला माणूस आत येईल. ब्लॉगरवर आधी सेटिंग्जमधल्या मेटा टॅगखाली शोध वर्णन (हेच ते डिस्क्रिप्शन) चालू करा, नाहीतर पोस्टच्या कडेला ती चौकट येतच नाही. चौकटीत १५० अक्षरं बसतात, पण ती मोजणी आपल्या हिशेबाची नव्हे: काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर, तिथे चार. तेव्हा कामाचे शब्द सुरुवातीलाच टाका. पाच मिनिटांत हे उरका आणि पुढच्या कामाला लागा.

पुढचं काम कमेंटचं, आणि माझ्या मते खरी मेहनत इथेच घ्यावी. पानावर दिसणारी कमेंट गुगल त्या पानाच्याच मजकुरात धरतं. हलशीच्या भूवराह नरसिंह देवळावर मी लिहिलं होतं: कदंब राजे, मूर्ती, शिलालेख. खाली एकाने विचारलं, ‘खानापूरहून थेट बस आहे काय, की नंदगडला बदलायला लागते? परतीची शेवटची कधी?’ मी उत्तर दिलं, त्यावर तिथल्याच एका वाचकाने भर घातली. पुढे सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून आपल्या पानावर येतात ते दाखवणारं गुगलचं साधन) पाहतो तर लोक ‘हलशी बस’ असं शोधून त्या पानावर येत होते, आणि लेखात तर बस हा शब्दच नव्हता! मग ती माहिती उचलून लेखात वेगळ्या उपशीर्षकाखाली घातली. तुमच्याकडे ‘दूध फाटलं, आता काय करू’ असं कुणी विचारलं तर ‘धन्यवाद ताई’ म्हणून सोडू नका, नीट चार ओळी लिहा.

‘छान लेख’, ‘मस्तच’ अशा शंभर कमेंटनी मन भरतं, पान भरत नाही. लिंका चिकटवणारे तर सरळ उडवा. नोफॉलो, म्हणजे ‘ही लिंक धरू नका’ असं गुगलला सांगणारी खूण, २००५ पासून आहे, तेव्हा त्या लिंकांचा त्यांना फारसा फायदा नाही, पण तुमच्या पानावर जुगाराच्या जाहिराती साठतात आणि असा कचरा गुगलच्या स्पॅम नियमांत बसतो. कमेंट तपासूनच प्रसिद्ध होतील अशी सोय ठेवा.

आपल्याकडचा खास प्रकार वेगळाच. पोस्ट मांड्यांची असली तरी शीर्षकात बेळगाव दिसलं की कुणीतरी सीमाप्रश्न काढतो, दुसरा बाह्या सरसावतो, आणि खाली मांडे कुठेच उरत नाहीत. माझं त्या प्रश्नावर मत पक्कं आहे, तरी अशा कमेंट मी काढतो, दोन्ही बाजूंच्या. कन्नडमधली कामाची कमेंट मात्र ठेवतो आणि खाली मराठीत तिचा अर्थ लिहितो. गोकाकच्या एखाद्या बाईंनी करदंटाची (तिथल्या डिंक-सुक्यामेव्याच्या मिठाईची) युक्ती सांगितली तर ती घालवायची कशाला? चार-दोन कन्नड ओळींनी मराठी पानाचं काही बिघडत नाही. गावाचं नाव २०१४ मध्ये सरकारी कागदावर बदललं तरी लोक बेळगाव, बेळगावी, बेलगाम असं हवं तसं शोधतात. कमेंटमध्ये ही रूपं आपसूक येतात, पोस्टच्या तळाशी त्यांची यादी चिकटवू नका.

एक तपासून घ्या: ‘कमेंट पाहा’ असं बटण दाबल्यावरच कमेंट येतात, अशी तुमची थीम आहे का? गुगल बटण दाबत नाही. सर्च कन्सोलमध्ये पोस्टचा पत्ता टाका, गुगलला दिसलेलं पान उघडा आणि त्यात एखाद्या कमेंटमधला शब्द शोधा. सापडला नाही तर आधी थीम बदला, डिस्क्रिप्शन नंतर भरा.