पोलाद बदललं तरी शाफ्ट तुटतोच: ऑफ-रोड गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यातली बहुतेक पत्रं छोट्या वर्कशॉपमधून आली आहेत. दोन लेथ, एखादं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), वेल्डिंगची सोय, आणि दारात डोंगरात-चिखलात गाडी घालणारं गिऱ्हाईक. भाग तुटला की आणखी महागडं पोलाद घ्यायचं, हा समज जवळपास प्रत्येक पत्रात दिसतो. म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: जुन्या जीपला ३३ इंची टायर आणि डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) लावल्यावर मागचा अ‍ॅक्सल शाफ्ट तुटला. ईएन ८ (साधं मध्यम कार्बनचं पोलाद) मध्ये करून दिला, तोही गेला. मग ईएन २४ (निकेल-क्रोमचं मिश्र पोलाद) मध्ये केला, तो तीन महिन्यांनी स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे लांबट दात) संपते तिथेच तुटला. आता कुठलं मटेरियल घ्यावं? (शिरोली, कोल्हापूर)

मटेरियलचं नंतर बघू. आधी तुटलेले तुकडे डिझेलने धुऊन उन्हात धरा आणि तुटलेलं तोंड नीट पाहा. शिंपल्यावर असतात तशा वक्र ओळी एका कडेपासून पसरत गेलेल्या दिसल्या, तर तडा आधीच पडला होता आणि दर हिसक्याला थोडा थोडा पुढे सरकत होता. स्प्लाइनचे दात पीळ पडून तिरके झाले असतील, तर धातू मऊ राहिला आणि भार झेपला नाही. तोंड दाणेदार आणि ४५ अंशांत तिरकं फाटलं असेल, तर शाफ्ट गरजेपेक्षा जास्त कडक झाला होता.

तीन महिने टिकून स्प्लाइनच्या शेवटीच तुटला, म्हणजे पहिल्या प्रकाराची शक्यता सगळ्यात जास्त. कटर जिथून बाहेर पडतो तिथे धारदार पायरी राहते आणि सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. कडक पोलादाला असा कोपरा मऊ पोलादापेक्षा जास्त बाधतो, त्यामुळे तोच आकार ठेवून नुसतं मटेरियल बदललं की फायदा अर्धाही हाती लागत नाही.

आकार असा सुधारा. शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या मुळाच्या व्यासापेक्षा ०.५ ते १ मिमी कमी ठेवा आणि ८ ते १० मिमी त्रिज्येने स्प्लाइनला मिळवा. गिऱ्हाईक म्हणेल, बारीक केला तर कमजोर होईल. उलट होतं. मधला भाग जाड असला की पीळ फक्त स्प्लाइनच्या तुकड्यात कोंडतो. बारीक केला की तो पूर्ण लांबीवर वाटला जातो आणि अचानक बसणारा हिसका शाफ्ट थोडा वळून पचवतो. फ्लँजच्या बाजूची त्रिज्याही ३ मिमीवरून ५-६ मिमीवर न्या. बेअरिंग त्या त्रिज्येवर चढत असेल तर आतून चॅम्फर (तिरकी कापलेली कड) दिलेली रिंग मध्ये घाला. टूलच्या आडव्या रेषा एमरीने लांबीच्या दिशेने काढून टाका.

आता भाराचा हिशोब. समजा एका मागच्या चाकावर ७०० किलो वजन आहे आणि टायरची प्रत्यक्ष त्रिज्या ०.४० मीटर आहे. खडकावर घर्षण गुणांक १ धरला तर टायर घसरण्याआधी शाफ्टवर ७०० × ९.८१ × ०.४० म्हणजे सुमारे २,७५० न्यूटन-मीटर पीळ येतो. ३० मिमी व्यासाला त्याने येणारा ताण ५२० मेगापास्कलच्या आसपास जातो, ३२ मिमीला ४३० पर्यंत उतरतो. ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणून दोन मिलिमीटरमध्ये २१ टक्के फरक पडतो. स्प्लाइन आणि ती ज्यात बसते तो डिफचा साइड गिअर परवानगी देत असेल, तर पोलाद बदलण्याआधी व्यास वाढवा. आणि हा सगळा हिशोब गाडी शांतपणे ओढत असतानाचा आहे. फिरतं चाक हवेतून खाली येऊन खडकावर धरलं, की क्षणभर पीळ दुप्पटही होतो.

ईएन २४ चुकीचं नाही, पण कामाचा क्रम पाळा: रफ टर्निंग, ताण काढण्यासाठी गरम करणं, फिनिशच्या जवळ टर्निंग, स्प्लाइन कटिंग, मग हार्डनिंग, आणि बेअरिंग व ऑइल सीलच्या जागा ग्राइंडिंगसाठी ०.३ मिमी राखून. हार्डनिंग ८२० ते ८५० अंश सेल्सिअसला, तेलात. टेम्परिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा गरम करणं) साधारण ५०० अंशांना केलं की ४० एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाचं माप) आसपास येतं. २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात टेम्पर करू नका, तिथे हे पोलाद ठिसूळ होतं. भट्टीवाल्याला ‘कडक करून द्या’ एवढंच सांगू नका. कागदावर ३८ ते ४२ एचआरसी लिहून द्या, शाफ्ट उभा टांगायला सांगा आणि परत आल्यावर दोन टोकांत धरून डायल लावा. वाक ०.३ मिमीपेक्षा जास्त असेल तर ग्राइंडिंगमध्ये तो निघणार नाही.

प्रश्न: चाकं बाहेर काढण्यासाठी ३० मिमी स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी जाड चकती) हवेत अशी मागणी वाढली आहे. जिम्नीसाठी ॲल्युमिनियमचे केले, पण नट पुन्हा पुन्हा सैल होतात. (भोसरी, पुणे)

नट सैल होण्याची दोन कारणं सगळ्यात जास्त दिसतात. स्पेसर हबवर सपाट बसत नाही, किंवा मधल्या बोअरवर न बसता फक्त स्टडवर लटकतो. जिम्नीचा पीसीडी (स्टडच्या वर्तुळाचा व्यास) ५ × १३९.७ आहे, मधला बोअर १०८ मिमी आणि स्टड एम १२ × १.२५. चाक बोअरवर केंद्रित व्हायला हवं. म्हणजे स्पेसरला हबच्या बाजूला १०८ चा बोअर आणि चाकाच्या बाजूला १०८ चीच कड, साधारण ०.०५ मिमी कमी. बोअर, तोंड आणि कड शक्य तितकी एकाच सेटिंगमध्ये काढा. दोन तोंडांतली समांतरता ०.०५ मिमीच्या आत हवी.

आता एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांची राहून जाते. हबच्या कडेच्या मुळाशी छोटी त्रिज्या असते. तुमच्या बोअरच्या तोंडाला १.५ ते २ मिमी चॅम्फर नसेल, तर स्पेसर त्या त्रिज्येवर टेकतो आणि तोंडाशी बारीकशी फट राहते. पान्याला वजन बरोबर लागतं, सगळं घट्ट वाटतं. पन्नास किलोमीटरमध्ये ॲल्युमिनियम तिथे दबतं, फट मिटते आणि नटाची पकड जाते. तोंडाला छाप घ्यायचं निळं लावून हबवर दाबून बघा. पूर्ण गोल छाप उमटली तरच बसलाय असं समजा.

मटेरियल ६०६१-टी६ (कडक केलेलं ॲल्युमिनियम मिश्रण) चा गोल बार घ्या, कास्टिंग नको. हबला बांधायची पाच भोकं आणि नवीन स्टडची पाच भोकं एकमेकांपासून ३६ अंशांवर येतात, केंद्रातलं अंतर ४३.२ मिमी. शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर ८२.१ मिमी, व्हर्निअरने हेच तपासा. स्टड १०.९ ग्रेडचे, मागून प्रेसने बसवलेले. मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर रिमला खाचा आहेत का हे आधी पाहा, नाहीतर रिम स्टडवरच टेकेल. नट टॉर्क रेंचने १०० न्यूटन-मीटरला, एकाआड एक. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा. तोंडावर रंग किंवा ग्रीस अजिबात नको, कारण भार घर्षणावर जातो.

तरीही योग्य ऑफसेटचं (चाक हवं तितकं बाहेर बसवणारं) रिम मिळत असेल तर गिऱ्हाइकाला तेच सुचवा. बेअरिंगवरचा जादा ताण दोन्हीकडे तोच राहतो, पण जोड एक कमी होतो.

प्रश्न: पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीला दोन इंच लिफ्टसाठी लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या) करून दिले. आता स्टेअरिंग सरळ परत येत नाही. (अंबड, नाशिक)

शॅकल जितका वाढवाल त्याच्या निम्मी गाडी उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. म्हणजे दोन इंचासाठी तुम्ही शॅकल १०० मिमीने वाढवला असणार. समोरच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर पुढचं टोक चॅसीपासून खाली जातं, ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे झुकाव, जो चाक सरळ परत आणतो) कमी होतो. डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (टोकांच्या गोल कड्यांमध्ये) पाटा १,००० मिमी असेल, तर १०० मिमीला जवळपास ६ अंश. बहुतेक गाड्यांचा सगळा कॅस्टर त्यातच संपतो.

पाट्याच्या आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालता येते. पोलादाचीच घ्या, ॲल्युमिनियमची फुटते. मधला बोल्ट लांब घ्या, यू-बोल्ट नवीन घाला, जुने ताणलेले परत वापरू नका. जाड टोक कुठल्या बाजूला हे ॲक्सल पाट्याच्या वर आहे की खाली त्यावर ठरतं, म्हणून अँगल गेज लावून आधी आणि नंतर मोजा. पण ६ अंशांची पाचर घातली की पिनिअन (डिफचा छोटा गिअर) खाली झुकतो आणि प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (जोडाचा सांधा) रडायला लागतो. आमचं मत स्पष्ट आहे: शॅकलने जास्तीत जास्त २५ मिमी उचला, बाकीची उंची नव्या पाट्यांमधून घ्या.

शॅकलच्या दोन्ही पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून एकाच वेळी ड्रिल करा आणि मध्ये आडवी पट्टी जोडा. बुशातली पोलादी नळी रबरापेक्षा ०.५ मिमी लांब असू द्या, म्हणजे बोल्ट नळीला आवळेल, रबराला नाही. रबरी बुश असतील तर बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करा. जॅकवर केले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं.

प्रश्न: एकेक पीसचा भाव कसा काढावा? गिऱ्हाईक म्हणतं, बाहेर सहाशे रुपये तास आहे. (सातारा)

सहाशे रुपये कुठून येतात ते पाहा. समजा २४ लाखांचं व्हीएमसी, आठ वर्षं, वर्षाला २,००० तास: घसारा १५०. व्याज ६०, ऑपरेटर १५०, जागा आणि देखभाल १००, वीज ६०, टूल ८०. बेरीज ६००. पण हे २,००० तास सलग बॅचचं काम असलेल्यांचे आहेत. एकेक पीस करणाऱ्याचं मशीन निम्मा वेळ माप घेण्यात, फिक्स्चर बांधण्यात, प्रोग्रॅम लिहिण्यात उभं असतं. विकले जाणारे तास १,००० धरले, तर पहिले चार खर्च दुप्पट होऊन ९२०, त्यात वीज आणि टूलचे १४०. तुमचा खरा दर १,०६० आहे.

सेटिंग दोन तास आणि कटिंग २५ मिनिटं असेल, तर एका पीसला सुमारे २,५६० रुपये आणि दहा पीसना प्रत्येकी ६५४. मटेरियल वेगळं. हे दोन्ही आकडे कोटेशनवर शेजारी शेजारी लिहा. गिऱ्हाईक बऱ्याचदा स्वतःच दोन मित्रांची ऑर्डर घेऊन येतं. तुटलेल्या भागावरून माप घेऊन ड्रॉइंग करण्याचे पैसे वेगळे लावा आणि ड्रॉइंग जपून ठेवा. तेच पुढच्या ऑर्डरला सेटिंगचा वेळ वाचवतं.

प्रश्न: बंपर, बुलबार आणि लिफ्ट करून दिल्याने वर्कशॉपवर काही येऊ शकतं का? (फोंडा, गोवा)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं आणि बुलबारविरुद्ध केंद्राचं पत्र डिसेंबर २०१७ चं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्याकडच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेसाठीच गाडी असेल, तर ती ट्रेलरवरूनच न्यायची हे मालकाकडून लिहून घ्या आणि बिलावरही तसं नोंदवा. रस्त्यावरच्या गाडीसाठी कामाआधीच नाही म्हणा.

प्रश्न: वाकलेला टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा स्टेअरिंगचा रॉड) गरम करून सरळ करून, वर पाइप वेल्ड करून दिला तर चालेल का? (चाकण)

नाही. गरम केल्यावर तिथली उष्णता-प्रक्रिया निघून जाते आणि वेल्डच्या कडेला नवीन कडक पट्टा तयार होतो. पुढच्या खड्ड्यात रॉड तिथेच तुटतो. नवा रॉड करा: जाड भिंतीचा सीमलेस पाइप, दोन टोकांपैकी एक उजव्या आणि एक डाव्या आट्याचं, आट्याची पकड बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट, आणि दोन्हीकडे लॉक नट. टोकाला आत किती आटे गेले ते दिसावं म्हणून पाइपला ३ मिमीचं एक तपासणीचं भोक पाडा. त्यातून आटा दिसला नाही तर गाडी सोडू नका.