स्वॅबमध्ये जंतू सापडला, पण औषध का नाही?

प्रश्न : माझ्या यजमानांना सिरॉसिस आहे आणि आमचा थोरला मुलगा त्यांना यकृताचा भाग देणार आहे. भरती झाल्यावर गुदद्वारातून घेतलेल्या स्वॅबमध्ये ‘कार्बापेनेम-रोधक क्लेबसिएला’ (कार्बापेनेम या प्रभावी अँटिबायोटिक गटाला दाद न देणारा जंतू) आढळला. त्यांना ताप नाही. डॉक्टरांनी वेगळी खोली दिली, परिचारिका गाऊन व हातमोजे घालून येतात, औषध मात्र एकही सुरू केलेले नाही. हा हलगर्जीपणा नव्हे का? शस्त्रक्रिया रद्द होईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : औषध न देण्याचा निर्णय योग्य आहे. तुमच्या यजमानांच्या आतड्यात हा जंतू वस्तीला आहे, त्याने आजार निर्माण केलेला नाही. अशा वस्तीवर अँटिबायोटिक दिल्याने जंतू कायमचा जात नाही; उलट आतड्यातील निरुपद्रवी जंतू मरतात आणि रोधक जंतूला मोकळे रान मिळते. वारंवार भरती झालेल्या आणि अनेक अँटिबायोटिक्स घेतलेल्या रुग्णांत तो आढळणे आपल्याकडे नवलाचे नाही.

मग तपासणी कशासाठी? यकृत प्रत्यारोपणात पित्तनलिका जोडावी लागते, पोटात नळ्या राहतात, आणि नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, स्टिरॉइड यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्याच दिवसांत सुरू असतात. अशा वेळी आतड्यातला जंतू रक्तात उतरला, तर नेहमीचे अँटिबायोटिक देऊन कल्चरची (प्रयोगशाळेत जंतू वाढवून करायच्या तपासणीची) वाट पाहण्यात जे दोन-तीन दिवस जातात, तेच जिवावर बेतू शकतात. आधीचा अहवाल हाती असला, की ताप येताच योग्य औषध निवडता येते.

यासाठी जंतूत औषधाला रोध करणारे कोणते जनुक आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. पीसीआर चाचणीने ते काही तासांत कळते. ओएक्सए-४८ हे जनुक असल्यास सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे अँटिबायोटिक बहुधा उपयोगी पडते. एनडीएम हे जनुक असल्यास ते औषध एकटे पुरत नाही, त्याला अ‍ॅझट्रिओनामची जोड द्यावी लागते. (एनडीएममधले ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली. 2009 मध्ये झालेल्या या नामकरणावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. दिल्लीतील जंतुप्रसाराची चर्चा तितक्या हिरिरीने झाली असती तर अधिक बरे झाले असते.)

केवळ या अहवालामुळे शस्त्रक्रिया सहसा रद्द होत नाही. धोका वाढतो हे खरे, पण निकामी होत चाललेल्या यकृतासह थांबून राहण्याचा धोकाही लहान नसतो, आणि ही तुलना तुमच्या शल्यचिकित्सकांनीच करायची आहे. पुढचा एखादा स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये, कारण जंतू कमी संख्येत असल्यास तो कल्चरमध्ये निसटतो.

गाऊन आणि हातमोजे हे शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या बचावासाठी आहेत. मुलाने वडिलांना भेटायला हरकत नाही, परंतु आत जाताना व बाहेर येताना हात स्वच्छ करावेत. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जावे लागल्यास हा अहवाल भरतीच्या वेळीच दाखवावा. घरी ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे कारण नाही. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने नीट हात धुणे पुरेसे आहे.