‘मला दिवाळी नको’ म्हणणारा मुलगा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की माझ्याकडे येणाऱ्या आईबाबांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. मूल तीन ते सात वर्षांचं असतं. “दिवाळी म्हणजे फटाके आणि नवे कपडे, एवढंच त्याच्या डोक्यात आहे.” “गोष्ट सांगायला बसलं की ती उठून पळते.” “आकाशकंदील करायला घेतला, पाच मिनिटांत कंटाळला. शेवटी मीच जागून पूर्ण केला.” आणि या सगळ्याखाली एक टोचणी असते, की आपल्याला लहानपणी जी दिवाळी मिळाली ती याला देणं काही आपल्याला जमत नाहीये. ही टोचणी मला कधीच किरकोळ वाटली नाही.

ईशानची (नाव बदललं आहे) आई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात एक फाइल होती. वसुबारसेला गाय-वासरू रंगवायचं, धनत्रयोदशीला नाणी मोजायची, नरक चतुर्दशीला मुखवटा, पाडव्याला बळीराजाची गोष्ट. दिवसाला एक पान. पुण्यातला फ्लॅट, दोघंही नोकरी करणारे, तरी एवढी तयारी. मला तिचं कौतुक वाटलं.

“गेल्या वर्षी सगळं नीट पार पाडलं, मॅडम. यंदा फाइल काढली तर म्हणाला, मला दिवाळी नको. साडेपाच वर्षांचं मूल असं कसं म्हणेल?”

“गोष्ट सांगून झाल्यावर तुम्ही काय करता?”

“विचारते ना, काय समजलं ते. नरकासुराला कोणी मारलं, बळी कोण होता...”

“आणि तो?”

“माहीत नाही म्हणतो. खरं तर त्याला येत असतं.”

पणत्यांचंही तेच. तो पणती काळ्या रंगाने रंगवायचा आणि आई नंतर तिच्यावर सोनेरी रंग द्यायची. “छान दिसावी म्हणून.” त्यानंतर त्याने ब्रश हातात घेतलाच नव्हता. गोष्टीमागून परीक्षा येते आणि आपण केलेलं काम झाकलं जातं, हे साडेपाच वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. फक्त सांगता येत नाही.

इथे माझा कल सांगून टाकते. मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांच्या वाटेने जाणारी आहे. 1945 साली बोर्डी गावात त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं आणण्यापेक्षा आसपासच्या बिया, पानं, शिंपले आणि माती हाताशी घेतली. मूल हाताने विचार करतं आणि हात रमले की तोंड आपसूक उघडतं, हा माझा विश्वास तिथून आलेला आहे. आजवरच्या कामात त्याने मला कधी दगा दिलेला नाही.

म्हणून ईशान आला त्या दिवशी मी त्याला काही विचारलं नाही. मातीची परात त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसून कोऱ्या पणत्या बादलीत सोडायला लागले. तो मातीचा डोंगर रचत होता. थोड्या वेळाने हात थांबला.

“पाण्यात का टाकता?”

“कोरडी पणती तेल पिते. आधी पोटभर पाणी प्यायली की तेल कमी पिते.”

तो बादलीवर वाकला. पणतीच्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. पुढची पणती त्याने स्वतः सोडली. मग एकेक सोडायची, बुडबुडे थांबेपर्यंत बघायचं, मग दुसरी. आई खुर्चीत बसून पाहत होती. इतका वेळ एका जागी बसलेला तिने त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

हात पुन्हा मातीत गेल्यावर मी विचारलं, “दिवाळीतली कुठली गोष्ट तुला आवडत नाही?”

आपण नेहमी विचारतो आवडती कुठली. नावडती विचारायचं आपल्या मनात येत नाही.

“बळीची.”

“का रे?”

“त्याने दिलं होतं ना! मागितलं ते सगळं दिलं. मग त्याच्या डोक्यावर पाय का ठेवला?”

आई उत्तर द्यायला पुढे सरकली, मी हाताने थांबवलं. “हा प्रश्न खूप लोकांना पडतो. मलाही पडतो,” मी म्हटलं.

“मग तो खालीच राहतो?”

“पाडव्याला आपल्या लोकांना भेटायला वर येतो, असं म्हणतात.”

आणि आई हलकेच म्हणाली, “माझी आजी ओवाळताना म्हणायची, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.”

ईशानने मान वर केली. “तुझ्या आजीला तो आवडायचा?”

“खूप.”

“मग त्याला वर यायला वाट कुठून?” असं म्हणून त्याने आपल्याच डोंगराच्या पायथ्याला बोट खुपसलं. कोरत गेला, कोरत गेला. अर्ध्यात माती ढासळली तेव्हा आई खुर्ची सोडून खाली बसली आणि पलीकडून कोरायला लागली. मधोमध दोघांची बोटं एकमेकांना लागली, तसा तो जोरात हसला.

गेलं वर्षभर ज्याला कंटाळा समजलं गेलं, ते त्या मुलाचं एका गोष्टीशी चाललेलं भांडण होतं. ते मांडायला त्याला जागा नव्हती, म्हणून अख्खी दिवाळीच नको झाली. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने 1932 च्या पुस्तकात दाखवलं, की लहान मुलं चूक मोजताना हेतूपेक्षा परिणाम पाहतात. चुकून पंधरा कप फोडणारा मुलगा त्यांना, चोरून मुरांबा घेताना एकच कप फोडणाऱ्यापेक्षा जास्त दोषी वाटतो. वामनाचा हेतू आपण कितीही समजावला तरी ईशानला दिसत होतं ते डोक्यावरचं पाऊल. या वयात तेच दिसणार. म्हणून मी पालकांना कळकळीने सांगते, मुलाने बळीची किंवा नरकासुराची बाजू घेतली तर घाबरू नका. तुमच्या गोष्टीत तो मनापासून शिरल्याची ती खूण आहे. सगळी उत्तरं आपल्याकडे असायला हवीत असंही नाही. “आजीला विचारूया” हे उत्तम उत्तर आहे.

गोष्ट दिवसाला एकच सांगा, आणि काम चालू असताना सांगा. वाती वळताना, करंज्यांना मुरड घालताना. संपली की संपली, वर प्रश्न नकोत. मुली असतील तर नरकासुराच्या गोष्टीत कृष्णाबरोबर सत्यभामाही लढायला गेली होती, हे गाळू नका. गोव्यात चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात. तिथल्या आया विचारतात, मूल घाबरतं, न्यावं का? आधी चार दिवस वाड्यावर, म्हणजे वस्तीत, पुतळा बांधतात तिथे न्या. आतला बांबू, गवत, चिकटवलेले कागद त्याला हात लावून बघू द्या. तरीही बिचकलं तर यंदा घरीच राहू दे, आणि अभ्यंगस्नानानंतर अंगठ्याखाली कारीट फोडण्याचा मान त्याला द्या.

कलाकुसरीबद्दल माझं एकच मागणं आहे: मुलाला दिलेलं काम घराला खरोखर लागणारं असू दे. तीन वर्षांचं मूल पणत्या भिजवेल, झिरमिळ्यांसाठी कागद फाडेल. पाच वर्षांचं ठिपके काढेल, वाकडे येतील, येऊ द्या. कंदिलाच्या कामट्या मोठ्यांनी बांधाव्यात. कागदाला खळ लावायचं काम मुलाचं. तो कंदील दारातच लागला पाहिजे. शेजारी विकतचा लावायचा असेल तर खुशाल लावा, पण त्याच्या जागी नको.

ईशानच्या घरी फाइल कपाटात गेली. सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात विटा, पोतं आणि लाल मातीचा किल्ला झाला, त्याला अर्थातच भुयार होतं. वर महाराज, खाली मावळे आणि भुयाराच्या तोंडाशी पाडव्याला एक पणती. काळीच. ती कोणी सोनेरी केली नाही, हे त्याच्या आईने मला फोनवर दोनदा सांगितलं.

परदेशातून फोन करणारे विचारतात, इथे माती कुठली आणि हळीव कुठले? कुंडीसाठी मिळणारी माती चालते, किल्ला ट्रेमध्येही होतो. आणि इंग्लंडमध्ये दुकानात गार्डन क्रेसचं बी म्हणून जे मिळतं ते म्हणजे आपले हळीवच. दिवाळीच्या आठवडाभर आधी किल्ल्यावर पेरा, पाणी घालण्याचं काम मुलाकडे. दिवाळी कामाच्या वारी आली आणि हाताशी संध्याकाळच उरली, तरी एवढं होतं.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा: किल्ला कधी मोडायचा. मूल शाळेत गेलेलं असताना परस्पर साफसफाई करू नका, त्यावरून रडारड झालेली मुलं माझ्याकडे आलेली आहेत. दिवस मुलाला विचारून ठरवा आणि मोडायला त्यालाच पुढे करा. किल्ल्यावरची चित्रं, म्हणजे महाराज आणि मावळे, त्याच्याकडून पुसून, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवून घ्या, खोक्यावर त्याचं नाव घाला आणि माती कुंड्यांमध्ये टाका.