३८ सामन्यांच्या हंगामात ४९ आले कुठून?

आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या विक्रमांवर मागच्या अंकात लिहिलं आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता: तुमचा आकडा आणि मी वाचलेला आकडा जुळत नाही. अशी पत्रं मी आधी उघडते. माझी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. बेरीज जुळली नाही की झोप लागत नसे, आणि फुटबॉलच्या वह्या भरतानाही ती सवय सुटलेली नाही. सात प्रश्न निवडले आहेत. पहिलं पत्र माझी चूक दाखवणारं आहे, म्हणून ते सगळ्यांच्या आधी.

आर्सेनलच्या घरच्या सामन्याला सर्वाधिक गर्दी ७३,२९५ होती, असं तुम्ही लिहिलंत. मी ७३,७०७ वाचलं आहे. बरोबर कोण?

तुम्ही. ७३,२९५ हा आकडा ९ मार्च १९३५चा, हायबरी या आर्सेनलच्या तेव्हाच्या मैदानावरचा, समोर संडरलंड. आर्सेनल सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या वाटेवर होता आणि संडरलंड अखेर दुसऱ्या क्रमांकावर राहिला, त्यामुळे एवढी माणसं आली यात नवल नाही. बहुतेक प्रेक्षक उभे राहून बघायचे, म्हणून मावलीही. सामना मात्र ०-०.

७३,७०७ हा आकडा २५ नोव्हेंबर १९९८चा, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेतला, समोर फ्रान्सचा लाँस. हा सामना झाला वेम्बलीवर, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय मैदानावर. तोवर हायबरीवर सगळीकडे खुर्च्या बसल्या होत्या आणि जेमतेम अडतीस हजार माणसं मावत. युरोपीय स्पर्धेच्या जाहिरात फलकांसाठी त्यातूनही जागा सोडाव्या लागत. म्हणून दोन हंगाम आर्सेनलनं चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने वेम्बलीवर खेळले. कागदोपत्री वेम्बली हेच त्यांचं घर होतं, तेव्हा क्लबचा विक्रम ७३,७०७चाच. (तो सामना ०-१ असा हरले.) ‘हायबरीवरची सर्वाधिक गर्दी’ असं लिहायला हवं होतं. एक शब्द राहिला आणि आकडा खोटा ठरला. वहीत दुरुस्त केलं आहे, तुम्हीही करून घ्या.

प्रीमियर लीगच्या (इंग्लंडच्या सर्वोच्च लीगच्या) एका हंगामात ३८ सामने असतात. मग आर्सेनल ‘सलग ४९ सामने अपराजित’ कसा? आणि त्या वर्षी तो चेल्सीकडून हरल्याचं माझे काका सांगतात, ते खरं का?

काकांचं बरोबर आहे आणि ४९ही बरोबर आहे. यावर जरा सविस्तर लिहिते.

४ मे २००३ला आर्सेनल हायबरीवर लीड्सकडून २-३ हरला आणि विजेतेपद हातचं गेलं. हंगाम संपायला दोन सामने उरले होते. ७ मेला साउदॅम्प्टनला ६-१ आणि ११ मेला संडरलंडला ४-० हरवलं. त्या दोन सामन्यांत कुणाला काही वाटलं नसणार, पण मालिका सुरू झाली ती तिथे. पुढे २००३-०४चा अख्खा हंगाम: २६ विजय, १२ बरोबरी, पराभव शून्य. मग २००४-०५चे पहिले नऊ सामने: आठ विजय आणि बोल्टनशी २-२. २ अधिक ३८ अधिक ९, झाले ४९. एकूण ३६ विजय, १३ बरोबरी, केलेले गोल ११२, खाल्लेले ३५. मी हे गोल एकेका सामन्यावरून मांडून बघितले: १०, ७३ आणि २९. बेरीज जुळते.

आता काकांचा मुद्दा. ही मालिका फक्त लीगमधली. सगळ्या स्पर्धा धरल्या तर त्याच २००३-०४ हंगामात आर्सेनल सहा सामने हरला: चॅम्पियन्स लीगच्या गटात इंटर मिलानकडून घरच्या मैदानावर ०-३ आणि कीव्हमध्ये डायनॅमोकडून १-२, लीग कपच्या उपांत्य फेरीत मिडल्सब्रोकडून दोन्ही लेग (घरचा आणि बाहेरचा सामना), एफए कपच्या उपांत्य सामन्यात मँचेस्टर युनायटेडकडून ०-१, आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत, तेही हायबरीवर, चेल्सीकडून १-२.

यातले शेवटचे दोन पराभव ३ आणि ६ एप्रिल २००४चे. चार दिवसांत दोन स्पर्धा हातातून गेल्या. ९ एप्रिलला लीगमध्ये लिव्हरपूल समोर, आणि मध्यंतराला आर्सेनल १-२ असा मागे! वहीतलं हे पान मला पाठ आहे. दुसऱ्या अर्धात त्यांनी तीन गोल करून सामना ४-२ असा जिंकला. त्यातला थिएरी आँरीचा, आख्खा बचाव चिरत नेलेला गोल ज्यांनी पाहिला असेल ते विसरणार नाहीत. हंगामातला सगळ्यात मोठा विजय विचाराल तर माझ्या मते हा. ‘पराभव शून्य’ या रकान्यात तो दिसत नाही.

नशिबाचा भागही होताच. २१ सप्टेंबर २००३ला ओल्ड ट्रॅफर्डवर शेवटच्या मिनिटांत युनायटेडला पेनल्टी मिळाली आणि रूड व्हॅन निस्टलरॉयचा फटका आडव्या दांड्यावर आदळला. सामना ०-० सुटला. १५ मे २००४ला, शेवटच्या सामन्यात, लेस्टरनं आधी गोल केला होता. आर्सेनल २-१ असा जिंकला. नव्या हंगामात मिडल्सब्रोविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ५-३ असा विजय मिळवून त्यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ४२ सामन्यांच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि पुढच्याच सामन्यात ब्लॅकबर्नला ३-० हरवून तो मोडला. मालिका संपली २४ ऑक्टोबर २००४ला, पुन्हा ओल्ड ट्रॅफर्डवर, ०-२. पहिला गोल पेनल्टीवर, मारणारा पुन्हा व्हॅन निस्टलरॉय. या वेळी चुकला नाही.

आँरीचे आर्सेनलसाठी गोल २२६, २२८ की २२९? तिन्ही आकडे छापलेले पाहिले आहेत.

तिन्ही कुठून आले ते सांगता येतं. १९९९ ते २००७ या आठ हंगामांत ३७० सामने, २२६ गोल. मग जानेवारी २०१२मध्ये तो न्यूयॉर्कहून थोड्या दिवसांसाठी लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, परत आला आणि सात सामने खेळला. लीड्सविरुद्ध एफए कपमध्ये बदली खेळाडू म्हणून उतरून दहा मिनिटांत गोल केला, आणि संडरलंडविरुद्ध जादा वेळेत सामना जिंकून देणारा. एकूण २२८. मध्ये ब्लॅकबर्नला ७-१ हरवलं त्या सामन्यातला शेवटचा गोल आधी त्याच्या नावावर लागला होता. पुढे तो स्कॉट डॅनचा स्वयंगोल ठरला. त्या दिवसांतल्या छापील मजकुरात २२९ दिसतो तो त्यामुळे. ग्राह्य आकडा २२८.

या विक्रमाची आधीची कहाणीही सांगायला हवी. १९३०च्या दशकातल्या क्लिफ बॅस्टिनचे १७८ गोल अर्धशतकाहून जास्त काळ टिकले. १३ सप्टेंबर १९९७ला बोल्टनविरुद्ध इयन राइटनं गोल केला, अंगातला शर्ट वर केला, आणि आतल्या शर्टावर १७९ आकडा छापलेला! मात्र तो गोल १७८वा होता, म्हणजे फक्त बरोबरी. काही मिनिटांतच त्यानं १७९वा केला आणि सामन्यात एकूण तीन. राइट १८५वर थांबला. १८ ऑक्टोबर २००५ला प्रागमध्ये स्पार्टाविरुद्ध आँरी सुरुवातीलाच बदली म्हणून आला. एका गोलानं राइटला गाठलं, दुसऱ्यानं मागे टाकलं.

बॅस्टिनबद्दल मला मनापासून वाटतं ते असं, की युद्ध सुरू झालं तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. १९३९-४०चा हंगाम तीन सामन्यांनंतर बंद पडला आणि ते तीन सामनेही अधिकृत नोंदींतून वगळले गेले. युद्धकाळात जे सामने झाले त्यांतला एकही गोल या १७८मध्ये नाही. त्याच्या नावापुढे माझ्या वहीत मी ‘युद्धापूर्वी’ असा शेरा लिहून ठेवला आहे.

सर्वांत मोठा विजय आणि सर्वांत मोठा पराभव?

लीगमधले दोन्ही एकाच क्लबशी! १२ डिसेंबर १८९६ला लफबरोनं आर्सेनलला ८-० हरवलं. १२ मार्च १९००ला आर्सेनलनं लफबरोला १२-० हरवलं. दोन्ही सामने सेकंड डिव्हिजनमधले, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या लीगमधले, आणि तेव्हा क्लब वुलिचला होता. लफबरोनं त्या हंगामात ३४ सामन्यांत एकच जिंकला, आणि त्याच वर्षी तो क्लब बंद पडला. याशिवाय १८९३मध्ये अ‍ॅशफर्ड युनायटेडवर एफए कपमध्ये १२-० असा विजय आहे, म्हणून १२-० हा आकडा दोनदा येतो.

१९३०-३१मध्ये ६६ गुण आणि १२७ गोल, २००३-०४मध्ये ९० गुण आणि ७३ गोल. श्रेष्ठ कोणता संघ?

श्रेष्ठ कोण ते मी ठरवणार नाही, पण तुलना कशी करायची नाही ते सांगते. एका वाचकानं टक्केवारी काढून पाठवली आहे: ८४पैकी ६६ म्हणजे ७८.६ आणि ११४पैकी ९० म्हणजे ७८.९, तेव्हा दोन्ही संघ सारखेच. गणित अचूक आहे, माप वेगळं आहे. १९३०-३१मध्ये विजयाला दोन गुण होते. तीन गुण सुरू झाले १९८१पासून. २००३-०४चा हंगाम दोन गुणांच्या मापानं मांडा: २६ विजय, १२ बरोबरी म्हणजे ७६पैकी ६४, ८४.२ टक्के. उलट १९३०-३१चे २८ विजय, १० बरोबरी, ४ पराभव तीन गुणांनी मोजले तर १२६पैकी ९४, ७४.६ टक्के. कोणत्याही एकाच मापानं नवा संघ पुढे आहे.

गोलांचं वेगळं. १९२५मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी गोलरेषा आणि आक्रमक यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागत, ते दोनवर आलं आणि गोलांचा पूर आला. त्याच वर्षी हर्बर्ट चॅपमन आर्सेनलचा मॅनेजर झाला. १९३०-३१चे १२७ गोल हा क्लबचा विक्रम खराच, पण त्याच हंगामात अ‍ॅस्टन व्हिलानं १२८ केले आणि तरी दुसऱ्या क्रमांकावर राहिले!

गुणांवरून आणखी एक नोंद. १९९०-९१मध्ये आर्सेनलच्या तक्त्यात २४ विजय, १३ बरोबरी, एक पराभव आहे. गुण ८५ व्हायला हवेत, दिसतात ८३. छपाईची चूक नाही. ओल्ड ट्रॅफर्डवर खेळाडूंची मारामारी झाली म्हणून दोन गुण कापले होते. तरीही विजेते तेच. ३८ सामन्यांत फक्त १८ गोल खाल्ले. माझ्या मते बचावासाठी हा हंगाम २००३-०४च्याही वर आहे.

तुम्ही ‘गोल सरासरी’ म्हणता आणि बाकीचे ‘गोल फरक’. एकच ना?

नाही. सरासरी म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा भागाकार, फरक म्हणजे वजाबाकी. दोन संघांचे गुण सारखे झाले की १९७६पर्यंत इंग्लंडमध्ये भागाकार चाले. १९५२-५३मध्ये आर्सेनल आणि प्रेस्टन दोघांचे ५४ गुण झाले. आर्सेनल ९७ भागिले ६४, म्हणजे १.५१६; प्रेस्टन ८५ भागिले ६०, म्हणजे १.४१७. विजेतेपद इतक्याशा फरकानं मिळालं. २६ मे १९८९ला तर वजाबाकीही पुरली नाही. लिव्हरपूलच्या मैदानावर मायकेल थॉमसनं अगदी अखेरीस गोल करून २-० केलं, दोन्ही संघांचे ७६ गुण, गोल फरकही दोघांचा ३७. मग केलेले गोल पाहिले: ७३ आणि ६५.

हा भागाकार एकदा चुकलाही होता. १९१४-१५मध्ये सेकंड डिव्हिजनमध्ये आर्सेनल आणि बर्मिंगहॅम यांचे ४३-४३ गुण झाले. आर्सेनलला सहावं धरलं गेलं. नीट मोजलं तर ते पाचवे होते. लीगनं ही नोंद कित्येक दशकांनी दुरुस्त केली. युद्धानंतर १९१९मध्ये फर्स्ट डिव्हिजन, म्हणजे तेव्हाची सर्वोच्च लीग, २२ संघांची झाली आणि एका जागेसाठी मतदान झालं. आर्सेनलला १८ मतं, शेजारच्या टॉटनहॅमला ८. तिथून आर्सेनल वरच्या डिव्हिजनमधून कधीच खाली गेला नाही, आणि टॉटनहॅमच्या पाठीराख्यांच्या मनातली ती मतंही गेली नाहीत.

(दहावीत शिकणाऱ्या वाचक मुलीचं पत्र) तुमच्या सगळ्या विक्रमांत मुलींचा संघ कुठे आहे?

असायला हवा होता. वहीत आहे, लेखात आणला नव्हता. २ डिसेंबर २०१८ला आर्सेनलनं ब्रिस्टल सिटीला ११-१ हरवलं, त्यात व्हिव्हियान मीडेमानं सहा गोल केले आणि चार गोलांसाठी शेवटचा पास दिला. युरोपातली सर्वोच्च स्पर्धा आर्सेनलच्या पुरुषांनी २००६च्या अंतिम सामन्यात गमावली; महिलांनी ती २००७मध्ये जिंकली, आणि मे २०२५मध्ये लिस्बनला बार्सिलोनाला १-० हरवून पुन्हा जिंकली.

आणि वरच्या ४९बद्दल. पुरुषांची ती मालिका चालू असताना, ऑक्टोबर २००३मध्ये, आर्सेनलच्या महिला संघाची लीगमधली अपराजित मालिका सुरू झाली. ती मार्च २००९मध्ये एव्हर्टननं ३-० असा पराभव केला तेव्हा संपली. सामने झाले होते १०८.